साबेलबायचा दोर

खारआळीच्या विहिरीवर दगडी क्रूस आहे. पाहुणे येतात आणि पहिलं हेच विचारतात, क्रूसावर फुलांचा हार सोडून काथ्याचा दोर कसा? देवाची लाज वाटत नाही? नाही वाटत. बसा, ऐका.

फार जुनी गोष्ट. या आळीत साबेलबाय नावाची विधवा दोर वळायची. ईस्टरच्या आधी विहिरीतला गाळ काढायचा, त्यासाठी माणूस दोराने खाली सोडायचा. दोर नवा घ्यायची पाळी दरवर्षी एकेका घराची. त्या वर्षी पाळी पास्कूची होती. साबेलने जुना दोर हातात घेतला आणि बजावलं, "पास्कू, काथ्या आतून कुजलाय. बदल."

पास्कू हसला. "बाय, यंदा माल खपत नाही वाटतं तुझा!"

आळीही हसली. त्याच दोराने साबेलचा एकुलता एक मुलगा इनास खाली उतरला, आणि दोर तुटला.

साबेल रडली नाही म्हणे. पोराला मातीत ठेवून घरी आली, कोंबड्यांना दाणे टाकले. दोर वळणं तेवढं सोडलं. फादर समजवायला आले, "साबेल, क्षमा कर त्याला."

"आत काहीच नाही, फादर. रागसुद्धा नाही. क्षमा कुठून काढू?"

फादर उठून गेले.

पुढच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात विहीर नासली. पाण्याला घाण वास सुटला, पोरं आजारी पडली. तेव्हा पास्कू तिच्या दारात येऊन उभा राहिला. "बाय, यंदा मी उतरतो. दोर तू वळ."

साबेलच्या पडवीत काथ्याचे दोन भारे पडले होते. एक चांगला, एक पावसाने कुजलेला. कुजका आत घालून वर चांगला वळला असता, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तिने दोन्ही भारे क्रूसाखाली नेऊन टाकले. म्हणाली, "देवा, अक्कल दे. मन मागत नाही, ते मेलंय. करायचं काय, तेवढं सांग."

क्रूस बोलला नाही. इथे कोणी चमत्कार सांगितला तर खोटं समजा. ऊन चढलं, उतरलं. साबेलने कुजका काथ्या उचलून नाकाशी नेला. इनासला वर काढलं तेव्हा त्याच्या कमरेला दोराचं तुटकं टोक होतं, त्याला हाच वास होता. हा वास आणखी एका घरात पाठवायचा? तिने तो भारा तिथेच पेटवला आणि चांगला काथ्या वळायला घेतला.

विहिरीवर टोक धरायला पुरुष पुढे झाले. "सरा मागं," म्हणाली, आणि सगळ्यांत पुढे स्वतः उभी राहिली. खाली उतरताना पास्कूने वर बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, दोराकडे बघितलं. गाळ निघाला. पास्कू वर आला आणि तिच्या पायाशी वाकला.

"पाय सोड. दोर वाळत घाल."

जवळ क्रूसच होता. त्याने तिथेच टाकला.

तिने मनातून क्षमा केली का, कोणी सांगू शकत नाही. तिलाही ठाऊक नव्हतं म्हणे.

आजही गाळाचा दोर क्रूसाखालीच वळतात, काम झालं की क्रूसावरच टाकतात. आणि उतरणाऱ्याचा ज्याच्याशी अबोला, टोक त्याच्याच हाती देतात. गेल्या वर्षी सांतान उतरला. टोक त्याच्या भावजयीच्या हातात होतं. शेताच्या बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद आहे. अजूनही बंदच आहे. सांतान वर आला.