मच्छिंद्रची सायकल

“...मग आता बदलायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?”

यासीनभाईंनी हातातली ट्यूब बाजूला ठेवली. करमाळ्याच्या बाजारतळाशेजारी, लिंबाखाली त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. विचारणारा जालिंदर सात वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला आणि मग स्टँडसमोर त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. त्याच्या हाताला गुण होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. चार वर्षांत आज तो पहिल्यांदा इकडे फिरकला होता, एक सायकल ढकलत.

“काय काय केलंस?”

“चेन नवी टाकली. पायडलं नवी. एक्सल, छर्रे, सगळं नवं. पुढचं चाक दोनदा खोललं. तरी वाजतीच.”

“ऐकलंस का कधी?”

“रोजच ऐकतो की.”

“ऐकलं असतंस तर एवढं खोललं नसतंस.”

जालिंदरचं तोंड उतरलं.

सायकल त्याच्या थोरल्या भावाची, मच्छिंद्रची. दिवाळीच्या तोंडावर मच्छिंद्र काविळीनं गेला. दहावा, तेरावा, पाहुणेरावळे, सगळं जालिंदरनं एकट्यानं निभावलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पोरगं खंबीर आहे, असं लोक म्हणाले. लोकांचं काय, जेवून हात धुतले की ते काहीही म्हणतात.

“आई म्हणती, ‘दादा असताना ही कधी वाजली नाही. तू बसलास की ही रडती. मला ऐकवत नाही, सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाक.’” जालिंदरनं हँडलवरून हात फिरवला. “त्याचं एवढंच राहिलंय, उस्ताद.”

“बस. एक फेरी मार.”

जालिंदर लिंबाला फेरी मारून आला. कर्रर्र... कर्रर्र... दर पायडलाला एकदा.

मग यासीनभाई उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पण उंचीला मच्छिंद्रएवढाच. त्यांनी टांग टाकली आणि त्याच लिंबाला तीच फेरी मारली.

एकदाही आवाज आला नाही.

जालिंदर सायकलीकडे बघतच राहिला.

“तुझा पाय पुरत नाही,” यासीनभाई उतरत म्हणाले. “म्हणून सीटवर इकडून तिकडं घसरत चालवतोस. त्यानं सीटचा दांडा नळीत घासतो. बाकी काही नाही.”

त्यांनी सीटखालच्या नटावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला जुना गंज लागला.

“सगळी सायकल खोललीस. हा एक नट तेवढा सोडलास.”

जालिंदरनं सीटवर हात ठेवला.

“विसरलास?”

“नाही.”

बाजार उठत आला होता. कुणीतरी पालं सोडत होतं. जालिंदरनं तिकडे तोंड फिरवलं.

“ती उंची दादानं लावलेली आहे,” तो म्हणाला. “खाली घेतली की...”



यासीनभाईंनी पाना त्याच्या हातात दिला.

“खडूनं खूण करतो,” जालिंदर घाईघाईनं म्हणाला. “नुसतं ग्रीस लावतो आणि परत तिथंच बसवतो. चालेल ना?”

“चालेल. आठ दिवसांनी परत वाजेल.”

पाना नटावर बसला. पण हात काही हलेना. असले नट जालिंदरनं डोळे मिटून सोडवले होते. आज एवढासा नट त्याला जड झाला होता, आणि गंज हे काही त्याचं कारण नव्हतं.

यासीनभाई आपल्या गोणपाटावर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसले.

“सीट आपल्या मापाला घे, जालिंदर,” ते म्हणाले. “रडायचं ते खाली उतरून रड.”