राजाचं एकभुक्त

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य कुठलं ते विचारू नका. असली राज्यं पुष्कळ होती.

तिथल्या राजाचं वजन इतकं वाढलं होतं, की दोन पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची. पालखी उचलताना भोयांच्या तोंडाला फेस यायचा. शेवटी राजाने राजवैद्यांना बोलावलं.

वैद्य नाडी धरून म्हणाले, "महाराज, खाणं जरा फार वेळा होतंय."

"फार वेळा?" राजा कडाडला. "अहो, आम्ही दिवसातून एकदाच जेवतो! आमचं एकभुक्त असतं. विचारा कुणालाही!"

आता हे एकभुक्त ऐका. राजा पाटावर बसायचा एकदाच, दुपारी, हे खरं. पण उठल्या उठल्या लाडू, मग दूध-जिलबी, दरबारात मांडीशी शेवेची परात, संध्याकाळी करंज्या, झोपताना बासुंदी. यातलं काहीच जेवण नव्हे बरं का! पाट नाही, ताट नाही, मग जेवण कसलं? "नुसतं तोंडात टाकलं," असं राजा म्हणायचा.

वैद्यांना सगळं दिसत होतं. पण नोकरी प्यारी! त्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

तेवढ्यात राजाला खिडकीतून भोई दिसले. ते कांदा-भाकर खात बसले होते.

"सकाळीच तर खात होते, आता पुन्हा? हे खातात तरी किती वेळा?"

"चार वेळा, महाराज," वैद्य पुटपुटले. सकाळी चतकोर भाकरी, दुपारी कांदा-भाकर, घाटाच्या चढाआधी मूठभर फुटाणे आणि रात्री अंबील, एवढंच ते खाणं. पण हे सांगायची वैद्यांची छाती झाली नाही.

"चार वेळा! आणि अधाशी आम्ही?" राजाने लगेच दवंडी पिटवली. आजपासून सर्वांनी एकदाच जेवायचं, दुसऱ्यांदा जेवेल त्याला फटके!

आहे की नाही कमाल? स्वतःच्या तोंडाला आवर घालायचं सोडून दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतायचं! मेला संताप येतो नुसता.

भोयांचा म्होरक्या म्हातारा होता. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, चढाआधीचे फुटाणे तरी राहू द्या. घाटाच्या वळणावर पाय लटपटले तर तुमचाही जीव जाईल आणि आमचाही."

राजाच्या तोंडात लाडू होता. तो तसाच बोलला, "संयम शिका, संयम! आमच्याकडे बघा."

पुढे डोंगरावरच्या देवीचा उत्सव आला. राजाची पालखी घाट चढू लागली. भोई सकाळच्या चतकोर भाकरीवर, वर उन्हाचा कहर. नेमक्या त्या वळणावर म्हाताऱ्याला भोवळ आली आणि तो गुडघ्यावर कोसळला. बाकीच्यांनी कसाबसा तोल सावरला, म्हणून पालखी दरीत गेली नाही. पण ती आडवी झाली, आणि गाद्यांखालून डबेच्या डबे बाहेर पडले. लाडू घरंगळले, करंज्या पसरल्या.

 भोयांनी आधी म्हाताऱ्याला लाडू भरवला आणि स्वतःही खायला बसले.

"अरे, सकाळी जेवलात ना? हे दुसऱ्यांदा!" राजा ओरडला. "फटके देईन!"

म्हातारा कण्हत म्हणाला, "आम्ही कुठं जेवतोय, महाराज? पाट कुठाय, ताट कुठाय? नुसतं तोंडात टाकतोय."



खाऊन झाल्यावर भोई उठले. राजाला वाटलं, आता पालखी उचलतील. पण त्यांनी उचललं आपल्या म्हाताऱ्याला, आणि बायकापोरांना बोलावून घेऊन ते डोंगरापलीकडच्या राज्यात निघून गेले.

राजा घाट उतरला तो रांगत, रडत. दवंडी त्याने मागे घेतली, पण त्याच्या पालखीला पुन्हा कुणी खांदा दिला नाही. मग चालावं लागलं, आणि चालता चालता लाडू खायला दम पुरेना. वजन उतरलं राजाचं. म्हाताऱ्याचा गुडघा मात्र कायमचा गेला, त्याचं काय?

म्हणून सांगते, दुसरा किती वेळा खातो ते मोजण्याआधी आपण काय आणि किती खातो ते बघावं.