तिम्मव्वाची शेळी आणि हळदीचं जातं

ए, ऐक ना, आधी ऐक! आत्ता इथे आंबेसरीत हळदीच्या मांडवात काय झालं माहितीये? नवरीने भल्यामोठ्या जात्याला एक बोट लावलं, जातं गरागरा फिरलं, आणि पहिलं हळदकुंकू कुणाला? शेळीला! आम्हा पाहुण्यांना काही कळेना. मग एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सगळं सांगितलं.

फार वर्षांपूर्वी गावात हळदीचं हे एकच जातं होतं. हाताचा खुंटा अगदी मधल्या खिळ्याला खेटून. का? तर देव मधे बसतो, मग नवरीचा हात त्याच्याजवळच हवा! नवरीने एकटीने फिरवायचं. नाही फिरलं तर वऱ्हाड माघारी.

गोजराची हळद आली. पोर तापाने काडी झालेली. म्हणून जात्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने दगड टाचायला, तिम्मव्वा वडारणीला बोलावलं. तीन दिवस तिने ठोकठोक केली. तरी गोजराच्या हाताने जातं हलेना. वऱ्हाडी बैल जुंपायला लागले.

तिम्मव्वा चक्रावली. तोंड लपवायला गोठ्यात गेली. बाहेर यायला बिजागरीपाशी खांदा लावून दार ढकललं, तर दार ढिम्म. तेवढ्यात मागून तिची शेळी आली, दाराच्या पार कडेला नाक लावलं, आणि दार सताड उघडं!

"अगं भवाने, जल्मभर दगड मी फोडले, आन् जोर तुझ्यात जास्त?"

बोलता बोलता ती थबकली. दाराकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. तशीच धावत जाऊन जात्याच्या कडेला टाकी लावली.

"देवाचा दगड उलला तर वेशीबाहेर घालवीन!" पाटील ओरडले.

"घाला. पोर नाकारली गेल्यावर मी तरी कोणत्या तोंडानं ऱ्हाऊ?"

कडेला भोक पाडून तिने खुंटा ठोकला. गोजराने नुसता हात लावला, आणि असं म्हणतात, जातं असं फिरलं की देवळावरची कबुतरं पिवळी झाली! हात काढला तरी फिरतंय. बैल सोडले, लग्न लागलं, तरी फिरतंय! कुणी म्हणे मंत्र, कुणी म्हणे देवच उठून कडेला बसला.

तिम्मव्वा म्हणाली, "मला काय म्हाईत? शेळीला इचारा."

काम आटपून तिम्मव्वा वेस ओलांडून गेली तेव्हा कुठे जातं थांबलं, असं म्हणतात.

अजून इथे नवरी कडेच्या खुंट्याला एकच बोट लावते, आणि जातं थांबेपर्यंत मांडवात कुणी चकार शब्द काढत नाही. मग शेळीचं हळदकुंकू.

पण तूच सांग, दगड देवाचा, पाटील ओरडतोय, हातात टाकी, आणि भरवसा कशाचा तर एका शेळीचा. तू काय केलं असतंस?