राऊजी कासाराचे हात

श्रीपर्णनाथ महाराज तेव्हा बोरनेर गावी राहत असत. गावाबाहेर ओढ्याकाठी शंकराचे देऊळ आहे, त्याच्या ओवरीत त्यांचे आसन होते. त्यांच्या सेवेत राऊजी नावाचा कासार असे. एके काळी त्याचा हात इतका हलका, की बांगडी कधी चढली ते लेकीबाळींना कळतसुद्धा नसे! पुढे दारूने त्याला गिळले. एकदा नशेत बांगडी भरताना एका लेकुरवाळीच्या मनगटात काच रुतली आणि गावाने त्याला दारे बंद केली. तेव्हा महाराजांनीच त्याला ओवरीत आसरा दिला. दारू तुटताच राऊजी अकरा दिवस तडफडला, अंगावर नसलेले विंचू झाडत ओरडला. महाराज उशाशी बसून राहिले. दारू कायमची सुटली; हातांची थरथर मात्र वर्ष लोटले तरी जाईना.

गावचे वैद्य बापूशास्त्री विद्वान खरे, पण जिभेचे फटकळ. राऊजी समई लावू लागला, की ते चारचौघांत म्हणत, "अरे, वात लावतोस की देऊळ पेटवतोस? नाथांनी दारू सोडवली म्हणे! मग हे हात अजून झिंगलेले कसे?"

लोक हसत. राऊजी मान खाली घाली. त्याने एकदा महाराजांना विनवले, "महाराज, ते अकरा दिवस माझ्या मनातून पुसून टाका." महाराजांनी समई नुसती त्याच्यापुढे सरकवली.

श्रावणातल्या एका दुपारी शास्त्रीबुवांच्या परसात आरडाओरडा झाला. त्यांचा तरणा मुलगा वामन विहिरीच्या काठावर उभा होता. परगावी राहून त्याला चोरून पिण्याची सवय जडली होती. घरी आल्यापासून तीन दिवस थेंब मिळाला नव्हता, आणि त्याचे भान सुटले होते. "चढले! अंगावर चढले!" असे ओरडत तो अंग झाडत होता. शास्त्रीबुवा हात जोडून विनवत होते. पण कुणी पुढे झाले, की तो आणखी कडेला सरके.

राऊजी धावत आला. काठापासून थोडे अलीकडे शांतपणे खाली बसला आणि म्हणाला, "वामनराव, विंचू ना? मलाही दिसले होते. माझे तांबडे होते. तुमचे?"

वामन थबकला. "काळे," तो पुटपुटला. "तुला खरंच दिसले?"

"अकरा दिवस दिसले. मग गेले. तुमचेही जातील. तोवर मी बसतो तुमच्यापाशी."

वामनने हात पुढे केला आणि तेवढ्यात त्याचा पाय निसटला! राऊजीने झेप घेऊन त्याचे मनगट पकडले. खाली खोल काळे पाणी. थरथरत्या बोटांतून मनगट सुटत चालले. राऊजीने टाहो फोडला, "महाराज, आता हे हात तुम्हीच सांभाळा!"

आणि काय नवल! थरथर जागच्या जागी थांबली. दोर टाकून लोकांनी वामनला वर ओढेपर्यंत ती पकड तसूभरही ढळली नाही.

इकडे ओवरीत महाराज पाणी पीत होते. एकाएकी त्यांचे हात लटलटू लागले, पात्र गळून पडले. भक्तमंडळी घाबरली. महाराज म्हणाले, "भिऊ नका. ही थरथर आम्ही आजच्यापुरती मागून घेतली आहे."

सायंकाळी शास्त्रीबुवा वामनला घेऊन ओवरीत आले. राऊजी सोबत होताच. मंडळींकडून दुपारची हकिकत ऐकून शास्त्रीबुवांनी महाराजांच्या हातांकडे पाहिले. महाराजांची बोटे अजूनही किंचित कापत होती! शास्त्रीबुवा त्यांच्या चरणांवर वाकले, तोच महाराज म्हणाले, "आम्ही थरथर तेवढी घेतली. तुमच्या मुलाला थांबवलं ते राऊजीने भोगलेल्या दिवसांनी. नमस्कार तिकडे करा."

राऊजीचे डोळे वाहू लागले. "महाराज," तो म्हणाला, "त्या दिवसांतला एकही आता पुसू नका. फार उपकार झाले त्यांचे माझ्यावर."

शास्त्रीबुवांनी पगडी उतरवली आणि राऊजीच्या पायांवर मस्तक ठेवले. तो संकोचून मागे सरला. "उठा, शास्त्रीबुवा. पुढचे काही दिवस कठीण आहेत. वामनरावांना एकटं सोडू नका."

जन्मभर ज्याला 'अरे-तुरे' केले, त्याच्यापुढे हात जोडून शास्त्रीबुवा म्हणाले, "माझ्या पोथ्यांत हे कुठं लिहिलेलं नाही, राऊजीबुवा. तुम्ही याल ना आमच्या घरी?"