ठिपकीची रिकामी वाटी

खाडीकाठी एक घर. घराला एक ओटी. ओटीवर एक वाटी. वाटीपाशी बसायची ठिपकी.

ठिपकी म्हणजे मांजरीचं पिल्लू. एवढंसं!

हिराकाकी तिला रोज मासा द्यायची. उकडलेला. मीठ नाही, तिखट नाही, काटा तर मुळीच नाही.

एकदा काय झालं? ठिपकी मासा खाणार, तेवढ्यात कावळा आला. फडफड, फडफड! मासा उचलला, नि भुर्र!

वाटी रिकामी. पोट रिकामं.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. काकी चुलीपाशी होती.

"काकी काकी, मासा शिजव."

"मासा संपला गं बाई. भाकरी खातेस?"

ठिपकीने भाकरी हुंगली. मिशा हलवल्या.

"भाकरीने माझं भागत नाही."

"मग जा काकाकडे. काका मासा आणेल, तर मी शिजवीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. काका होडीत बसला होता.

"काका काका, मासा आण.
काकी मासा शिजवेना,
माझी वाटी काही भरेना!"

"कसा आणू? जाळं फाटलंय. आजा जाळं शिवेल, तर मी मासा आणीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आजा अंगणात बसला होता.

"आजा आजा, जाळं शिव.
काका मासा आणेना,
काकी मासा शिजवेना,
माझी वाटी काही भरेना!"

"कसं शिवू? सुई हरवलीय. चांगुणाताई सुई शोधेल, तर मी जाळं शिवीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चांगुणाताई बाळाला घेऊन फेऱ्या मारत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"ताई ताई, सुई शोध.
आजा जाळं शिवेना,
काका मासा आणेना,
काकी मासा शिजवेना,
माझी वाटी काही भरेना!"

"कशी शोधू? बाळ रडतंय. खाली ठेवलं की आणखी रडतंय. बाळ हसेल, तर मी सुई शोधीन."

ताईने बाळाला गोधडीवर ठेवलं. ठिपकी जवळ गेली. हळूहळू, हळूहळू.

"बाळा बाळा, हास ना.
ताई सुई शोधेना,
आजा जाळं शिवेना,
काका मासा आणेना,
काकी मासा शिजवेना,
माझी वाटी काही भरेना!"

बाळ म्हणालं, "ट्यँ! ट्यँ!"

बाळाला कुठलं बोलता येतंय?

बाळाने हात पुढे केला. धरली की शेपटी! घट्ट!

ठिपकीला दुखलं. नखं बाहेर आली.

नखं आत गेली.

ठिपकी जागची हलली नाही. शेपटीचं टोक तेवढं हललं. वळवळ, वळवळ. बाळाच्या गालाला लागलं. गुदगुल्या!

बाळ गप्प झालं. बाळाने बघितलं. बाळ हसलं. खुदुखुदु, खुदुखुदु!

बाळ हसलं, ताईने सुई शोधली. फळीवर होती.

सुई मिळाली, आजाने जाळं शिवलं. सर्र सर्र, सर्र सर्र.

जाळं शिवलं, काकाने होडी लोटली. डुबुक डुबुक. जाळं टाकलं. मासा आणला.

मासा आणला, काकीने शिजवला. रटरट, रटरट. एकेक काटा काढला. फुंकर घातली. फू फू!

आणि मासा वाटीत पडला. टप्प!

"खा गं माझी बाय," काकी म्हणाली. आणि शेजारी पाणी ठेवलं.

ठिपकीने मासा खाल्ला. मचमच, मचमच. पाणी प्यायली. लपलप, लपलप. पंजा चाटला. तोंड पुसलं. पोट झालं टम्म!

मग ती उन्हात आडवी झाली. घुर्र... घुर्र...

जेवली ठिपकी, निजली ठिपकी.
आता कुणी उठवू नका!