बकुळीचं दार

रंगसदनात पाहुणे आले की तिथले जुने रखवालदार भोसीकरकाका त्यांना आधी तळमजल्यावरच्या एका दाराशी नेतात. विद्यापीठाच्या या वसतिगृहात गाणं, चित्रं, शिल्प शिकणाऱ्या मुली राहतात. दारावर बकुळ रंगवलेली आहे. बुंधा दारावर, फांद्या चौकटीवरून थेट भिंतीवर. पण दार कायम सताड उघडं, त्यामुळे झाड मोडकंच दिसतं. असं का, असं कुणी विचारलं की काका खुलतात.

हे घर म्हणे उमाबाई शेवड्यांचं. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. बाईंनी वरचे मजले मुलींना दिले, पण बजावलं, "वर्षभर बघीन. पटलं तर घर तुमचं, नाहीतर आपापली वाट धरा." स्वतः तळच्या खोलीत राहिल्या. दुःख ताजं होतं, गाणं कानाला सोसवेना. दार अष्टौप्रहर बंद. बाई आत आहेत की बाहेर, कुणाला पत्ता लागत नसे.

वर्ष भरत आलं तशा मुली बाईंचं मन वळवायच्या वाटा शोधू लागल्या. एका दुपारी बाई देवळात गेल्यात असं समजून वत्सला पाटोळेनं त्यांच्या दारावर अंगणातली त्यांचीच लाडकी बकुळ काढायला घेतली. फांद्या दाराच्या फटीशी तुटू लागल्या. पोरीला ते बघवेना. शिल्पाच्या वर्गातलं प्लॅस्टर आणून तिनं फट पक्की बुजवली आणि वरून रंग दिला! चित्रापुढे दाराचं भान कुणाला?

बाई आत झोपल्या होत्या.

तिन्हीसांजेला आतून दार ओढल्याचा आवाज आला आणि सगळ्या खाली धावल्या. आता घर गेलंच!

"कोण गं तिकडे? दार का उघडेना?"

"बाई, मी बुजवलं," वत्सला रडत म्हणाली. "तुमची बकुळ काढत होते. आत्ता फोडते."

मग बाई म्हणाल्या, असं सांगतात, "फोडू नकोस. सावकाश कोर, फुलं जपून. मी कुठं पळून जातेय? आणि तोवर कुणीतरी गा गं. एकटीला करमत नाही."

मुली गात राहिल्या, वत्सला कोरत राहिली. दार उघडलं तेव्हा बाईंचे डोळे भरलेले होते. "घर तुमचं," त्या म्हणाल्या. "हे दार मात्र पुन्हा लावायचं नाही. आत माणूस आहे, हे दिसू दे."

आजही पाहुणे गळ घालतात, "क्षणभर लावा ना, अख्खं झाड बघू." मुली हसून त्यांना आत चहाला बोलावतात. अख्खं झाड त्या दुपारच्या मुलींनीच काय ते पाहिलं. बाईंनीसुद्धा ते कधी पाहिलं नाही.