आरंभाचा खड्डा

त्या राज्यात वारा भरपूर होता, पण उजेड अस्वलांकडून विकत घ्यावा लागे. अस्वलं डोंगराच्या पोटातून कोळसा काढत, जाळत आणि ऊब-उजेडाचे दाम घेत. धूर मात्र ती सगळ्यांना फुकट वाटत. टेकडीखालच्या झाडीतली पिल्लं चिवचिवायच्या आधी खोकायला शिकत. चोखी नावाच्या सुतारपक्षिणीच्या पिल्लाला पंख फुटले होते, पण उडता येत नव्हतं. उडायला लागणारा श्वास खोकण्यातच संपून जाई.

गादीवरच्या वाघाच्या मनात एकदा आलं की टेकडीवर पवनचक्क्या हव्यात. त्याने दवंडी पिटवली: जो चक्की उभारील, त्याची धान्यपट्टी माफ. दरबाराने स्वतःची पाठ थोपटून घेतली. चक्की बांधता येत होती ती फक्त सुतारपक्ष्यांना, आणि पट्टी बसावी इतकं धान्य त्यांच्या ढोलीत कधी साठलंच नव्हतं. जे भरायचंच नाही, ते माफ होऊन काय मिळणार, हा प्रश्न दरबारात कुणालाही पडला नाही.

कोल्ह्याला पडला. त्याने चोखीची आणि हत्तीशेठची गाठ घालून दिली. हत्तीची कोठारं मोठी, पट्टीही तशीच मोठी. ठरलं असं: बांधकामाला धान्य हत्तीने द्यायचं, चक्की चोखीने बांधायची, माफी हत्तीने घ्यायची आणि दोघांकडून मूठ-मूठ कोल्ह्याने घ्यायची.

चोखी कामाला लागली. सुतारपक्ष्यांची रीत अशी, की आधी पाती, मग आस, मग खांब आणि खड्डा सगळ्यात शेवटी. पाती वाऱ्यावर धरून पाहिल्याशिवाय खांब कुठे रोवावा हे कळत नाही, असं ते मानत.

मध्येच वाघ बदलला. नवा वाघ अस्वलांच्या मधावर वाढलेला होता. वाऱ्याने मिशा विस्कटतात, असं तो उघड म्हणे. पण माफी एकदम बंद केली तर हत्ती नाराज होणार. म्हणून हुकूम निघाला: पळस फुलायच्या आत ज्याचं काम सुरू झालं असेल, त्यालाच माफी. सुरू म्हणजे काय, हे ठरवायला सरड्यांची समिती बसली. तिने बरेच रंग बदलले आणि शेवटी निकाल दिला: जमिनीत खड्डा म्हणजे आरंभ.

अस्वलांची पट्टी त्यांच्या पणजोबांपासून माफ होती. ती कधी संपणार, हे ठरवायला समिती बसली नाही.

तपासणीचा सरडा टेकडीवर आला आणि पळसाखाली सावली पाहून बसला.

“खड्डा कुठाय, बाई?”

“पाती तयार आहेत, आस बसवलाय, खांब तासून झालाय. रोवायचा तेवढा राहिलाय.”

“म्हणजे काम सुरू नाही.”

“अहो, संपत आलंय!”

“संपत आलं असेल. सुरू झालेलं नाही.”

“मग थांबा, आत्ता खणते.”

सरड्याने मान वर केली. फांद्या फुलांनी भरल्या होत्या आणि तोही आता तेवढाच तांबडा दिसत होता.

चोखी हत्तीकडे धावली. “शेठ, थोडंच धान्य लागेल. चक्की फिरली की पिल्लाचा खोकला तरी थांबेल हो.”

“मला चक्की घेऊन काय करायचंय?” हत्ती म्हणाला. “मी माफी घेत होतो.”

बाजूला बसलेला कोल्हा हसला. “ताई, तू काम करत बसलीस, तिथेच फसलीस.”

त्याने वेळ दवडला नव्हता. पळस फुलायच्या आतच घुशींची टोळी लावून अख्ख्या टेकडीवर खड्डे पाडून घेतले होते, प्रत्येकाच्या काठावर हत्तीच्या पायाचा ठसा आणि झेंडूची माळ. हत्तीची सगळी पट्टी माफ झाली. नवा वाघ पालखीतून टेकडीवर फिरून गेला. आपल्या कारकिर्दीत जितक्या चक्क्यांचा आरंभ झाला, तितक्यांचा पूर्वी कधी झाला नव्हता, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या सगळ्यात जोरात अस्वलांनी वाजवल्या.

अस्वलांना कोळशाची राख टाकायला जागा हवीच होती. हत्तीने खड्डे भाड्याने दिले. बघता बघता ते काठोकाठ भरले.

मग वारा सुटला. टेकडीवरचा तो जुना, जोरकस वारा खड्ड्याखड्ड्यातून राख उचलून झाडीवर ओतू लागला. चोखीने चक्कीचं एक पातं ओढत आणलं, ढोलीच्या तोंडावर आडवं बसवलं आणि फटीत साल कोंबली. आत अंधार झाला. वारा त्या पात्यावर धडका देत राहिला.

“आई,” खोकत खोकत पिल्लाने विचारलं, “बाहेर कोण आलंय?”

“वारा,” चोखी म्हणाली आणि पात्याला आतून पाठ लावून बसली.